बोटीवरची तिथी

बाबा, आम्ही लक्षद्वीपला जाऊन आलो. मी आणि आई, बोटीनं, पाच दिवस, अगदी आरामात. दिवसा एखाद्या बेटावर उतरायचं, निळ्या पाण्यात पाय सोडून बसायचं, संध्याकाळी बोटीवर परत. तुमच्या जिवावर नाही, माझ्या पगारावर. पालेगावची जमीन बिल्डरला दिलीत त्या वर्षी भजनाच्या बायका अशाच बोटीनं निघाल्या होत्या. आईनं भीत भीत विचारलं, तर तुम्ही काकांसमोर म्हणालात, "पानी बघाचाय? जा, पिंप भर." सगळे हसले. लाज वाटते, पण मीही हसले. आईनं खरंच जाऊन पिंप भरलं.

मेल्यावरही तुम्ही तिला सोडलं नाहीत. दहाव्याला उल्हास नदीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं तसे काका म्हणाले, "वयनी, त्याचा जीव घरान अरकलाय. बोल, घर सोरून जानार नाय." आई हात जोडून बोलली आणि मेला कावळा लगेच आला! तेव्हापासून दर तिथीला बिल्डिंगच्या गच्चीवर पान ठेवून ती तेच बोलते. बारा वर्षं एक रात्र बाहेर राहिली नाही, सख्ख्या भाचीच्या लग्नालासुद्धा नाही.

म्हणून मी मुद्दाम तुमच्या तिथीचीच तारीख धरली. बाकीच्या दिवशी बोट भरलेली आहे, अशी आईला थाप मारली. तिथी दिसू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडरही काढून ठेवलं. ती लगेच हो म्हणाली, याचं तेव्हा नवल वाटलं होतं.

तुमच्या तिथीला बोट परतीला लागली होती. दुपारी चहूकडे नुसता समुद्र, कावळा औषधालाही नाही. आई डेकवर बसून तळलेली सुरमई खात होती. मला राहवेना. म्हटलं, "आई, आज बाबांची तिथी आहे."

"मना म्हाईत हाय गो," ती काटा काढत म्हणाली. "तो जेवाला येतो, त्याच दिवशी मना घरान नसाचा होता."

आणि तिनं आणखी एक तुकडी मागवली.

इतकी वर्षं मी तिच्या वतीनं तुमचा राग राग करत होते. तिनं तर तुम्हाला कुलपापुढे उपाशी उभं केलं आणि विषय संपवला. परतल्यापासून ती तुमचं नावही काढत नाही. हे पत्र मी तिच्यापासून लपवून लिहिते आहे. तिनं पाहिलं तर विचारेल, अजून त्याच्याशी काय बोलतेस?