मी इथे नाहीच असं समजा

४ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझी भिंगरी सुखरूप पोहोचली. आपल्या ब्रशच्या कारखान्याचे फोटो काढायला मीच तिला बोलावलं. गिऱ्हाइकांना दाखवायला पुस्तिका करायची आहे. मी नवा सदरा घालून, मिशीला पीळ देऊन उभा राहिलो, तर बाईसाहेब म्हणाल्या, असं नको मामा, रोजच्यासारखं काम करा, मी इथे नाहीच असं समजा. तिच्या धंद्यातलं तिला जास्त कळतं. मी कारागिरांना गोळा करून बजावलं, की आजपासून ही इथे नाही. तुझ्या भावजयीने विचारलं, मग हिचं पान वाढू की नको? मी म्हटलं, नसलेल्या माणसाचं पान कसलं!
काळजी नसावी. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

९ जून
ती. आईस,
सा. न.
मामाने माझं बोलणं फारच मनावर घेतलंय. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. तार कापणाऱ्या आजोबांनी खुंटी समजून माझ्या डोक्यावर टोपी अडकवली. मामी मांजरासाठी म्हणून ताट झाकून ठेवते, सोबत चमचा. काल तर मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं! फोटो मात्र काय मिळताहेत म्हणून सांगू! कोणी पोट आत घेत नाही. भोकांत केसांचे झुपके बसवताना मामा चक्क जीभ बाहेर काढतो.
पण आज माझ्यादेखत तो मामीला म्हणाला, की प्लास्टिकपुढे आपला टिकाव लागत नाही. पुस्तिकेने जमलं तर जमलं, नाहीतर कारखाना विकू; ताईला कळू द्यायचं नाही. मामी रडायला लागली. मला जवळ जाता येईना, मी नव्हतेच ना. कॅमेरा डोळ्याला तसाच धरून ठेवला, माझे डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून.
मला काही सुचत नाहीये. मला पत्र टाकू नकोस; अशी कोणी इथे राहत नाही म्हणून मामा परत पाठवेल.
तुझीच,
भिंगरी

१३ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
कारखाना विकायला निघालास आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नाही? परकी झाले का मी? लग्नाआधी त्याच बाकावर बसून मीही झुपके बांधलेत. मला विचारल्याशिवाय खिळासुद्धा विकायचा नाही. आणि पोरीला आधी जेवायला वाढ!
रागावलेली, पण तुझीच,
ताई

१७ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुला हे सांगितलं कोणी? खोलीत आम्ही दोघंच होतो.
असो. काल तार कापणारे आजोबा तापाने आले नाहीत, आणि बाटल्या धुण्याच्या ब्रशांचा माल संध्याकाळी जायचा होता. सगळ्यांची नुसती तारांबळ. इतक्यात आजोबांच्या रिकाम्या बाकावर कोणीतरी बसून भराभर तार कापायला लागलं. मान वर करून बघतो तर भिंगरी! कॅमेरा पार खिडकीत ठेवलेला. मी म्हटलं, अगं, कधी आलीस? ती म्हणाली, आत्ताच. आणि एकदम रडायलाच लागली. मग काय, सगळे काम टाकून तिच्याभोवती जमले. प्रवास कसा झाला, दमलीस का, घरी सगळे बरे ना! माल न्यायला आलेला गाडीवाला दारात ताटकळत राहिला, मग तोही आत येऊन तिची विचारपूस करू लागला.
माल आज गेला. कारखान्याचं तू म्हणशील तसं. मला एकट्याला ते ठरवायचं धाडस नव्हतं, म्हणून तर लपवलं. आता ये. आजोबा अजून अंथरुणात आहेत, आणि झुपके बांधायला माणूस कमी पडतंय.
तुझा धाकटा