जाण्याची तारीख

माहूर, १९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सिंधुताईस भारतचा नमस्कार.

नवरात्राच्या आधीपासून तुला पत्र नाही, फोन नाही, त्याची आधी माफी मागतो. (फोन दोनदा लावला होता. दोन्ही वेळा भाऊजींनी उचलला आणि मी ठेवून दिला. हे काय वय आहे माझं? भाऊबीजेलाही लातूरची बस सुटेपर्यंत स्टँडवर उभा होतो, चढलो नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून दिवसातून दहादा चढतेसच का?

भाऊजींनी तुला काय सांगितलं असेल ते असेल. माझी बाजू अशी. आई गेल्यापासून पुढची खोली रिकामीच आहे. देवीला आलेले लोक उतरायला जागा शोधत दारावरून जातात, तेव्हा वाटलं, रीतसर परवाना काढून खोली द्यावी; घरात दोन माणसांचा आवाज तरी होईल. (परवान्याशिवायही देता येते म्हणतात, पण मग मलाच झोप आली नसती.) अर्जात 'मालकासह घरात राहणाऱ्या व्यक्ती' असा रकाना होता. तिथं 'एक' लिहिलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. चारित्र्याचा दाखला आणला, त्यात 'अर्जदाराविरुद्ध काही आढळून आले नाही' असं आहे. काही आढळावं इतकं माझ्या आयुष्यात घडलंच नाही, हे मात्र त्यात नाही. शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं पत्र शेजारच्या चांगुणाबाईंनी लगेच दिलं. म्हणाल्या, येऊ दे माणसं, तुझ्या घरात भांड्याला भांडं लागलेलं ऐकून वरीस झालं.

मग आली पाहुण्यांची नोंदवही. परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी बजावलं होतं, उंबरा ओलांडेल त्याची नोंद आधी, चहापाणी मागून. आणि एकही रकाना कोरा राहता कामा नये. वही आणली त्याच दिवशी भाऊजी किनवटचं काम उरकून आले, चार दिवस राहायच्या बेतानं, पिशवीत तू दिलेले शेंगदाण्याचे लाडू. मी पाणी दिलं नाही, आधार कार्ड मागितलं. त्यांनी हसत हसत दिलं. 'येण्याचे कारण' या रकान्यात मी 'मेहुणे' लिहिलं, तेही त्यांनी हसून वाचलं. मग ते पाय धूत असताना मी विचारलं, "भाऊजी, जाणार कधी?"

ताई, मी वहीकडे बघत होतो, त्यांच्याकडे नाही. ते पाय पुसून म्हणाले, "आत्ताच जातो की." लाडू ओट्यावर ठेवले आणि गेले. मला वाटलं, दर्शनाला निघाले. दोन ताटं वाढून बसलो. चांगुणाबाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, "जावयाला उंबऱ्यात जायची तारीख इचारलीस? लई शिकलास रे बाबा."

पुढं तपासणीला साहेब आले. वहीत एकच नोंद, श्रीमंतराव, मुक्काम लातूर, जाण्याची तारीख कोरी. म्हणाले, "वहीप्रमाणं हे गृहस्थ अजून तुमच्याकडंच हायेत. कुठं हायेत?" खोटी तारीख लिहवत नाही, आणि खरी लिहिली तर भाऊजी आल्यापावली गेले हे कायमचं कागदावर येईल. तेव्हा त्यांच्या सहीसाठी तुम्ही दोघं दत्तजयंतीला या, परवाना अडला आहे.

आपला,
भारत

ता. क. परवान्याचं वर लिहिलेलं खोटं आहे. लिहिल्यापासून तासभर अस्वस्थ आहे. परवाना मिळून महिना झाला. साहेबांनी 'लिहा काहीतरी' म्हणून त्याच दिवशी सही केली. दिवाळीत दोन कुटुंबं खोली विचारायला आली होती. खोलीत पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. वहीप्रमाणं ते खरंच होतं.

ता. क. २. तो अजून कोरा असलेला रकाना भाऊजींनी भरावा किंवा भरू नये. या वेळी पाणी आधी देईन.

(डायरीची सवय, म्हणून इथंच टिपून ठेवतो. उद्याचं काम: भाऊजींची गादी उन्हात घालणे.)