रुपयाला चाळीस पैसे

मी, आनंदीबाई सर्जेराव पायगुडे, वय ६४, धंदा खाणावळ, राहणार कर्वेनगर, पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. ते भडकलेलं आहे, हे दाखल्यात लिहिलेलं नाही.

१. माझी एकुलती मुलगी राजनंदिनी हिच्या इंजिनिअरिंगसाठी सरकारी बँकेचं साडेतीन लाखांचं कर्ज काढलं. त्यावर माझीही सही आहे. पोरगी पास झाली आणि आयटीत मंदी आली. नोकरीचं पत्र हातात, पण कंपनी वर्षभर ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणत राहिली. हप्ते थकले, हे आम्ही कधी नाकारलं नाही.

मग गेल्या मार्चअखेरीस ताळेबंद साफ दिसावा म्हणून बँकेने हे कर्ज एका वसुली कंपनीला विकलं. रुपयाला चाळीस पैसे! मी शाखेत गेले. म्हटलं, “साहेब, याच भावात मला द्या, बांगड्या मोडते.” साहेब म्हणाले, “मॅडम, कर्जदाराला नाही देता येत. आणि आमच्याकडे तुमचं खातं आता निल आहे.” निल म्हणे! आणि वसुली कंपनी मागते पूर्ण रुपया, वर व्याज. शी! कालची भाजी मी अशी पूर्ण भावात वाढली असती तर खाणावळीतल्या पोरांनी ताट फेकून मारलं असतं.

२. खाणावळीची दोन खोल्यांची जागा राजनंदिनीची. वसुली कंपनीचा डोळा या जागेवरच आहे. भर पंगतीत त्यांचा माणूस म्हणाला, “काकू, पोरगी शिकवलीत, आता जागा विका.” लाज नाही मेल्यांना.

३. कंपनीने बँकेला जेवढे मोजले, तेवढेच राजनंदिनीने माझ्या पोस्टातल्या ठेवीतून कंपनीला द्यावेत आणि पक्की पावती घ्यावी. नाही म्हणाले तर त्यांनी खुशाल कोर्टात जावं. जागा सोडू नये.

४. पातेली, पराती आणि शेगडी माझ्या खाणावळीत राबणाऱ्या मुक्ताबाईला. कंपनीच्या त्या माणसाला उकळत्या आमटीची पळी दाखवून तिनेच बाहेर काढलं. बँकेच्या साहेबांना काही नाही.

५. दहाव्याला कावळा शिवायला उशीर झाला की माझा धाकटा भाऊ कोंडीराम माइक हातात घेणार आणि सगळ्यांदेखत म्हणणार, “ताई, काळजी करू नकोस, पोरगी तुझं सगळं कर्ज फेडेल.” कावळ्यासाठी लोक काय वाटेल ते कबूल करतात. कोंडीराम, गप्प बसायचं. नंदे, तूही असलं वचन द्यायचं नाहीस. माझा जीव त्या कर्जात नाही, तुझ्यात अडकलाय. तो काही सुटायचा नाही. तेव्हा उन्हात वाट बघत बसू नका. गुरुजींना दर्भाचा कावळा करायला सांगा, पिंडाला लावा आणि माझ्या पोरीला आधी जेवायला घाला.

वरचं सगळं मी वाचून, समजून, खालच्या दोघांसमोर सही केली.

सही: आनंदीबाई स. पायगुडे

साक्षीदार:
१. डॉ. शेफाली गोखले, कर्वेनगर
२. मच्छिंद्र तापकीर, किराणा दुकानदार, कर्वेनगर

पुणे, दि. २१ एप्रिल २०१५