बंडी हलायलाच नको होती

गोंडपिपरी, सोमवार

प्रिय श्रीहरीस,

कांताताईचा सप्रेम जयभीम. तुझं ब्लडप्रेशर आणि तुझा डावा गुडघा, दोघेही जागच्या जागी असतील अशी आशा करते. रंजीताला सांग, लोणचं पोचलं. मीठ कमी होतं, पण मी काही बोलले नाही, हेही सांग. माझी तब्येत उत्तम आहे. कमरेपासून खाली उजवी बाजू काळीनिळी आहे, पण ती तब्येत नव्हे, तो अपघात. आणि त्याबद्दलच हे पत्र आहे. (फोन का केला नाही, असं विचारू नकोस. जन्मभर पोस्टात बसून दुसऱ्यांची पत्रं मार्गी लावली, आता एखादं स्वतःचं लिहायचा मला हक्क आहे. शिवाय फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस.)

तू संघप्रियाला माझ्याकडे पाठवलंस ते कशासाठी, याची आधी आठवण करून देते, कारण सोयीने गोष्टी विसरण्यात तू आपल्या बाबांवर गेला आहेस. "ताई, पोरीच्या डोक्यातलं सायन्सचं खूळ काढून दे, तुझंच ऐकते ती," असं तू म्हणालास. दहावी झाली, मार्क चांगले पडले, पण सायन्स म्हटलं की चंद्रपूरचं हॉस्टेल, आणि हॉस्टेल म्हटलं की तुझी झोप उडते. म्हणून घराजवळ, गडचिरोलीतच, आर्ट्सची जागा तू धरून ठेवलीस. प्रवेशाची मुदत या आठवड्यात संपते. तोवर पोरीच्या तोंडून "हो" तेवढं मी काढायचं होतं. मी ते काम मन लावून केलं, हे तुला मान्य करावंच लागेल.

पोरगी आली ती भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन. उघडलं, तर समोर न्यूटन! या गृहस्थाची आणि माझी ओळख फार जुनी. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टाने त्याचे तिन्ही नियम आमच्याकडून इंग्रजीत घोकून घेतले होते. हात मागे, नजर समोर; गतीचे नियम म्हणताना जागचं हलायला सक्त मनाई होती. त्यामुळे मला ते आजही तोंडपाठ आहेत आणि त्यांचा कशाशीही काही संबंध असेल अशी शंका मला कधी आली नाही. (झाडावरून फळ पडलं म्हणून नियम करत बसायला वेळ असणारा माणूस! आपल्याकडे मोहाची फुलं पडतात, तर लोक टोपली घेऊन धावतात.) मी पोरीला म्हटलं, "तिसरा नियम सांग." तिने सांगितला: आपण जेवढ्या जोराने ढकलावं, तेवढ्याच जोराने ती वस्तू आपल्याला उलट ढकलते. म्हटलं, "छान. मग बैल जेवढ्या जोराने बंडी ओढतो, तेवढ्याच जोराने बंडी बैलाला मागे ओढते. बरोबर? मग दोन्ही जोर सारखे झाले. म्हणजे तुझ्या न्यूटनच्या हिशेबाने जगातली एकही बंडी हलायला नको. आणि इथे तर गुणवंतरावांची बंडी रोज माझ्या दारावरून जाते."

पोरगी खूप वेळ पुस्तकात बघत राहिली, मग पुस्तक मिटून पिशवीत घातलं आणि म्हणाली, "बरोबर आहे आत्या. मले नाई समजत. बाबांना सांग, आर्ट्स घेते." श्रीहरी, तुझं काम फत्ते झालं होतं. त्याच वेळी तुला फोन करायला हवा होता. पण ती मान खाली घालून जेवली आणि वरण परत मागितलं नाही, ते मला आवडलं नाही. वाद जिंकल्यावर मला भूक लागते. त्या दिवशी लागली नाही. हवामानाचा परिणाम असावा.

दुसऱ्या दिवशी आपल्या नदीकडच्या बांधीत धानाची रोवणी होती. गुणवंतराव (आपली जमीन बटईने करतात ते, माझे शेजारी) पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बंडीत भरून निघाले. त्यांची शकुबाई रोवणाऱ्या बायकांना घेऊन पुढे गेली होती. डोक्यावर छत्री धरून मी बंडीतच पऱ्ह्यांच्या जुड्यांवर उभी, कारण बसलं तर पातळ भिजतं. पोरगी मागून पायी. बैलांची नावं मिथुन आणि बिरजू. बांधीच्या तोंडाशी बंडी रुतली, अशी की चाक अर्धं दिसेना. मग अशा वेळी आपल्याकडे जे जे करतात ते सगळं झालं. कोणी चाकाखाली दगड घातले, कोणी पळसाच्या फांद्या. बायकांनी मागून रेटा दिला. गुणवंतरावांनी मिथुनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बैल जोर लावत होते, पण त्यांचे पाय लोण्यावरून सरकल्यासारखे मागे जात होते. मी वरून सूचना देत होते. (त्या अचूक होत्या.)

संघप्रिया नुसती बैलांच्या खुरांकडे बघत उभी होती. एकदम ओरडली, "काका, चाकाखाली काऊन टाकून राह्यले? बैलाच्या पायाखाली टाका ना!"

गुणवंतराव वैतागले. "रुतलं चाक, अन् इलाज बैलाले? पोरी, शाळेत हेच शिकवते का?"

"पाय घसरून राह्यले त्यांचे. पाय टेकलेच नाई तर जमीन त्यांना पुढे ढकलंल कशी?"

"जमीन ढकलते?" शकुबाई हसली. "मंग बैल काऊन पोसले आपन?" पण हसता हसता तिनेच बैलांसाठी आणलेली तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, काढून खुरांखाली पसरायला घेतली. पोरीने फांद्याही तिकडे ओढल्या. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्या, तू पण उतर. जोर तेवढाच हाये. वजन कमी झालं तर बंडी लवकर वेग घेईल."

हा दुसरा नियम. सिस्टर बेनेडिक्टाने तो मला तोंडपाठ करायला लावला, पण चारचौघींसमोर माझ्यावर लागू कधी केला नव्हता. मी तत्त्वासाठी उतरले नाही.

गुणवंतरावांनी हाळी दिली. मिथुन-बिरजूचे पाय टेकले आणि बंडी सुटली. श्रीहरी, बंडी पुढे गेली, जुड्या पुढे गेल्या, माझी चप्पलसुद्धा पुढे गेली. मी मात्र होते तिथेच राहिले, आणि तिथे आता बंडी नव्हती. चिखलात बसल्या बसल्या पहिला नियम मला असा लख्ख समजला की विचारू नकोस. बायका आधी भ्याल्या, मग कोणीतरी फुसकन हसलं, आणि मग मीच सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोरगी धावत आली. मला उठवायला, असं मला वाटलं. "आत्या! समजलं!" म्हणे. "बंडी बैलाला ओढते, बैल बंडीला, पण हे दोन जोर एकाच गोष्टीवर नाई ना लागत! बंडीचं बघायचं तर बैलाची ओढ एकीकडे, चिखलाची पकड दुसरीकडे. बैलाचं बघायचं तर जमिनीचा रेटा पुढे, बंडीची ओढ मागे. तू दोघांचं एकत्र करून मले फसवलं!" चिखलाने माखलेल्या बाईशी वाद घालायला नुसती अक्कल पुरत नाही, छाती लागते. बांधीच्या धुऱ्यावर बसून दुपारच्या भाकरीसोबत तिने शकुबाईला हे दोनदा समजावलं. शकुबाई म्हणाली, "बाई, हे पोरगी घरी बसवाची नाई." मी म्हटलं, बसवतंय कोण?

तर असं आहे. तुझं काम माझ्याकडून झालं नाही, याबद्दल मला यत्किंचितही खेद नाही. रंजीताला आशीर्वाद.

तुझी थोरली बहीण,
कांता

ता. क. इथल्या कॉलेजात सायन्स आहे. आज सकाळी मी पोरीचं नाव घालून आले. हॉस्टेल नको, तुझी झोप शाबूत. सहीला वडील लागतात, तेव्हा शुक्रवारच्या आत ये. बसमध्ये दांडा धरून बस. ब्रेक लागल्यावर काय होतं ते तुझी मुलगी तुला सांगेल.

ता. क. येताना तिची सायकल बसच्या टपावर टाकून आण. ब्रेक नवे बसवून.

ता. क. ताई एकटीने कंटाळली म्हणून हा घाट घातला, असा तुझा तर्क चालला असेल तर तो साफ चुकीचा आहे. निवृत्त झाल्यापासून मी अगदी स्थिर होते. स्थिर वस्तू बाहेरून कोणी ढकलेपर्यंत स्थिरच राहते, हे मी कॉन्व्हेंटात शिकले आहे. खिडकीजवळची दुसरी खाट मात्र कालच नव्याने विणून घेतली.