किनाऱ्यावर पुन्हा सुरुंग

प्रिय किम-थू,

चीनच्या युद्धनौका वाढल्यात, म्हणून आपण कालवं काढायचो त्या किनाऱ्यावर पुन्हा सुरुंग पेरणार आहेत. लष्कराचा एक अधिकारी घरी सांगायला आला होता.

"आजी, हे शत्रूसाठी आहेत."

"मागचेही शत्रूसाठीच होते. त्यांवर पाय माझ्या नवऱ्याचा पडला."

तो चहा तसाच ठेवून उठला. मी वर्तमानपत्र वाचते. एवढ्याशा बेटाला दुसरा उपाय नाही, हे मलाही कळतं. म्हणून अडवलं नाही.

पण गेलेली माणसं चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्यात जेवायला घरी येतात, आणि तुम्ही दरवर्षी समुद्राकडूनच येता. उंबऱ्यावर ओली वाळू असते. यंदा ताट मागच्या दारी ठेवते. टेकडीच्या वाटेने या. वाळूत पाय ठेवू नका.

तुमचीच,
युए-ओ