चुकीचा किनारा

मुहर्रक, ११ फेब्रुवारी

प्रिय तूरानआबजीस,
धाकट्या बहिणीचा स. सलाम वि. वि.

तुझं पत्र आमच्या गल्लीतल्या उम्म हादीनं करबलाच्या यात्रेहून येताना पिठाच्या डब्यात घालून आणलं. फोन करू नकोस असं तू लिहिलंस ते बरं केलंस. आमचे वकीलही तेच सांगतात. समुद्रापलीकडून आलेला प्रत्येक फोन अकीलच्या खटल्यात कागद होऊन बसतो. टपाल तर दोन्ही सरकारांचं भांडण झाल्यापासून बंदच आहे. तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवरून यात्रेला जाणाऱ्या बायका तिथे भेटतात तोवर आपली पत्रं आहेत.

अकीलला गेल्या मंगळवारी पाहिलं, काचेपलीकडून. वजन उतरलंय. त्यानं पहिल्यांदा विचारलं ते सपीदेचं. तुझ्या लेकीनं बुशेहरमध्ये बसून फोनवर चार ओळी लिहिल्या, माझ्या लेकानं इथे बसून चार ओळी लिहिल्या. दोघंही शिक्षक, आणि ओळीही तुरुंगातल्या शिक्षकांबद्दलच्या. तिला पाच वर्षं, याला सात. आमचे हे, अबू अकील, म्हणतात, पोराचं अक्षर लहानपणापासून वाईट, दोन वर्षं त्याची.

आता नवी बातमी. माणसांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेची बाई सपीदेची मावशी शोधत माझ्या दारात आली. अरबी छान बोलत होती. हलवा दोनदा घेतला. मी तासभर सपीदेबद्दल बोलत राहिले. बाईनं सांगितलं की तिच्या शहरात नगरपालिकेच्या इमारतीवर सपीदेचा तीन मजली फोटो लावलाय. मला अभिमान वाटला. मग मी उठले आणि अकीलचा फोटो आणून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो बराच वेळ पाहिला. देखणा आहे म्हणाली. मग म्हणाली की तिचा अहवाल फक्त तुमच्या तिकडच्या देशाबद्दलचा आहे. आमच्या देशाचं काम दुसऱ्या टेबलावर असतं आणि त्या टेबलावर सध्या कुणी नाही. कधी येईल असं विचारलं, तर तिनं हलव्याची कृती विचारली. विकतचा आहे म्हटलं.

ती गेल्यावर अबू अकील म्हणाले की पोरानं गुन्हा बरोबर केला, किनारा चुकला.

आबजी, खरं लिहिते. मला तुझा हेवा वाटला. लिहून टाकलं की कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

सपीदेच्या डोळ्याचं तू ओझरतं लिहिलंयस. नीट कळव. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी
मेहरी


बुशेहर, २ मार्च

चि. मेहरीस,
अ. उ. आ.

हेवा खुशाल कर, पण आधी हे वाच.

सपीदेच्या डाव्या डोळ्याचा पडदा एका बाजूनं सुटत चाललाय. तुरुंगाच्या डॉक्टरनंच सांगितलं. ती म्हणते, कोपऱ्यात काळं पाणी साचल्यासारखं दिसतं आणि ते रोज थोडं पुढे सरकतं. शिराजला नेऊन ऑपरेशन केलं तर डोळा वाचेल. ईदपर्यंत थांबलात तर थांबण्यासारखं काही उरणार नाही, असं त्यानं हळूच सांगितलं आणि वर ते आपण बोललोच नाही असंही सांगितलं. उपचारासाठी तुरुंगातून रजेचा अर्ज दर वेळी परत येतो.

तुझ्या तीन मजली फोटोचं म्हणशील, तर बाहेरच्या कुणा मंत्र्यानं तिचं नाव घेतलं की इथे आठवडाभर तिचा फोन बंद होतो. पण नाव घेतात म्हणूनच तिला वाळवंटातल्या तुरुंगात हलवत नाहीत, हेही तितकंच खरं. त्यांनी बोलावं की गप्प बसावं असं मला कुणी विचारलं तर उत्तर देता येणार नाही. कुणी विचारत नाही.

आता मुख्य गोष्ट. परवा एका सरकारी कचेरीतले गृहस्थ घरी आले. पिस्त्याची मिठाई घेऊन आले, बूट दाराबाहेर काढले. मला वाटलं, अर्जाचं काही असेल. त्यांनी विषय काढला अकीलचा. तो कुठल्या तुरुंगात आहे, किती वाळलाय, अपील कधी आहे, सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्याच्या लग्नातला फोटोही त्यांच्याजवळ होता, त्यात मीही होते. म्हणाले, त्या किनाऱ्यावर चार ओळींसाठी कोवळ्या पोरांना सात-सात वर्षं कोंडतात आणि जगाला वाचा फुटत नाही. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मेहरी, ते पाणी खोटं नव्हतं. मी चहा ओतत होते. मनात आलं, विचारावं की चार ओळींना पाच वर्षं हा तुमच्याकडे रास्त भाव आहे का. साखर किती घालू, एवढंच विचारलं.

त्यांचं म्हणणं असं की एप्रिलमध्ये टीव्हीवर मातांचा कार्यक्रम आहे, थेट दाखवणार आहेत. मी अकीलची मावशी म्हणून तिथे बसायचं आणि रडायचं. मग सपीदेच्या रजेवर सही म्हणजे काय, दोन मिनिटांचं काम.

इथे माझी चूक झाली. दारात निरोप देताना रीतीप्रमाणे मी म्हटलं, घर आपलंच आहे, आपण सांगाल ते शिरसावंद्य. हे आपण भाजीवाल्यालाही म्हणतो. तोही पैसे राहू द्या म्हणतो, म्हणून कुणी भाजी फुकट उचलत नाही. पण या गृहस्थांनी वाक्य उचललं आणि खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की खानम, आपण शब्द दिलात, गाडी कुठल्या तारखेला पाठवू. मी नवरोजचे पाहुणे पुढे केले. पाहुणे काही जन्मभर पुरत नाहीत.

वकिलांना विचार आणि मला सांग. तू सांगशील ते करीन. आणि हे मी रीतीनं म्हणत नाहीये.

अबू अकीलना सलाम. त्यांच्या जिभेला हाड नाही हे माहीत आहे, तरी सध्या घरातच चालवायला सांग.

तुझ्यावर जीव असलेली
तूरान


मुहर्रक, २४ मार्च

प्रिय आबजीस,
स. सलाम वि. वि.

तुझं पत्र मी वकिलांना वाचून दाखवलं. उभे होते ते खाली बसले. म्हणाले, अपील ईदनंतर आहे. सरकारी वकील एकाच गोष्टीच्या शोधात आहे, की अकीलच्या ओळी त्या किनाऱ्यावरून लिहून आल्या होत्या. तिकडच्या टीव्हीवर त्याच्या मावशीनं त्याचं नाव घेऊन डोळ्याला पदर लावला, की याला आणखी काही शोधायची गरज नाही. मग सातची सात राहणार नाहीत. जन्मठेप, आणि वर नागरिकत्व रद्द. आमच्याच गल्लीतल्या एकाचं असं झालंय. त्याच्या काकाची मुलाखत तिकडे दाखवली होती, एवढंच. आता तो कुठल्याच देशाचा नाही.

मी गप्प बसले नाही. त्या परदेशी बाईच्या ओळखीनं एका वकिलातीत गेले. साहेबानं उठून खुर्ची दिली. म्हणाला, अकीलसारख्यांबद्दल आम्ही इथल्या सरकारशी खासगीत बोलतो. मी म्हटलं, माझ्या भाचीबद्दल तर तुम्ही गच्चीवर चढून बोलता. तो म्हणाला, तिकडचं सरकार खासगीत ऐकत नाही. मी विचारलं, इकडचं ऐकतं का. त्यानं संत्र्याचा रस मागवला. मी रोजा आहे म्हटलं. नव्हता.

घरी येऊन हे सांगितलं तर अबू अकील म्हणाले, ज्याच्या बंदरात आपल्या युद्धनौका उभ्या असतात त्याच्याशी माणूस हळूच बोलतो. मग ते मासळी साफ करायला बसले आणि एक मासा दोनदा साफ केला.

आता तू विचारलंयस त्याबद्दल.

मी एका कागदावर लिहिलं की बोलू नकोस. मग सपीदे आठवली. सुट्टीत आमच्याकडे आली की जेवताना पुस्तक, न्हाताना पुस्तक. अकील तिला पुस्तकाची वाळवी म्हणायचा. तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं की बोल. तोही फाडला. हा तिसरा आहे. यात दोन्ही शब्द नाहीत. मी त्याची आई आहे आणि तिची मावशी आहे, आणि दोन्हींचं वजन सारखं आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. सारखं नाही असं लिहायचं धाडस होत नाही.

तू मोठी म्हणून सगळं तुझ्यावर ढकलतेय. लहानपणीही हेच करायचे. काय ते तू ठरव, मला नंतर कळव. जे होईल त्याबद्दल मी तुला कधी बोल लावणार नाही असं लिहावंसं वाटतं. तेवढी मी चांगली आहे की नाही, ते माहीत नाही.

तरीही तुझीच
मेहरी


बुशेहर, १९ एप्रिल

चि. मेहरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी त्या दोन शब्दांपैकी एक सापडेल म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिला नाहीस ते बरं केलंस. लिहिला असतास तर तो जन्मभर आपल्या दोघींच्या मध्ये बसला असता.

नवरोजचे पाहुणे गेले आणि गाडी आली. नकार दिला असता तर त्यांनी माझ्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असतं आणि तिच्या तोंडून अकीलचं नाव वदवलं असतं. मावशीचा तो लग्नातला फोटो त्यांच्याकडे होताच. तेव्हा गेले. मला काळी नवी ओढणी दिली, तोंडाला पावडर लावली. माझ्या शेजारी एक बाई होती. तिला काय बोलायचं ते पाठ होत नव्हतं, मी तिला मदत केली. शाळेत शिवण शिकवायचे तेव्हा मुलींना करायचे तशी.

कार्यक्रम सुरू झाला. निवेदक आधीच रडत होता. त्यानं माझ्याकडे वळून म्हटलं, की या मातेची सख्खी बहीण समुद्रापलीकडे आहे, आणि तिच्या लेकावर… पुढे नाव येणार हे मला दिसलं. मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, आपल्याला कुणी चुकीचं सांगितलं. मला बहीण नाही.

तो हसला. बहुतेक मी भांबावलेय असं त्याला वाटलं. म्हणाला, खानम, मुहर्रकमध्ये. मी म्हटलं, मी आईबापाची एकुलती एक. त्या गावात मी कुणाला ओळखत नाही. मला एक मुलगी आहे, ती याच शहरात तुरुंगात आहे, आणि तिच्या डाव्या डोळ्याची दृष्टी चाललीय. एवढं बोलले आणि त्यांनी गाणं लावलं.

आपले अब्बा-अम्मी वर ऐकत असतील तर त्यांची समजूत मी तिकडे गेल्यावर घालीन.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. या वेळी चहा घेतला नाही. बूट न काढता उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, आपल्या मुलीची आम्हाला फार काळजी आहे. मी म्हटलं, आपली कृपा. सपीदेचा फोन तेव्हापासून बंद आहे. रजेचं नाव कुणी काढत नाही. मी बरोबर केलं की लेकीचा डोळा भाच्याच्या पायी घालवला, हे मला रोज वेगळं वाटतं. पण ते शब्द परत घेता येणार नाहीत, आणि मला वाटतं, मी घेणारही नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात घे. जी बहीण नाही तिचं पत्र माझ्या घरात सापडता कामा नये. तुझी सगळी पत्रं मी आज चुलीत घातली. तुझ्याकडची तू घाल. यापुढे लिहू नकोस. हे पत्र नेणाऱ्या बाईलाही मी सांगितलंय की ही शेवटची खेप.

अकीलला सांग, खाणं टाकू नकोस. कुणाचा निरोप ते सांगू नकोस.

या कागदापुरती तुझी
आबजी


१४ जून

माननीय तूरानखानम यांस,
सा. सलाम वि. वि.

आपली-माझी ओळख नाही. एप्रिल महिन्यात मी आपल्याला टीव्हीवर पाहिलं. प्रेक्षक म्हणून चार शब्द लिहीत आहे. आगाऊपणा वाटला तर कागद चुलीत घालावा.

आपण त्या दिवशी म्हणालात की आपल्याला बहीण नाही. आपण हे न अडखळता म्हणालात. दुसरी कुणी असती तर तिचा आवाज फुटला असता. मी त्या वेळी तांदूळ निवडत होते. नंतर बराच वेळ नुसती परात हातात धरून बसले.

इकडे परदेशी वाहिन्यांनी आपलं मुलीबद्दलचं वाक्य दिवसभर दाखवलं. बहिणीबद्दलचं कापलं. त्यांना ते लागत नव्हतं. इथल्या एका वकिलातीतला साहेब एरवी सगळं खासगीत बोलतो. त्यानंही कॅमेऱ्यापुढे उभं राहून त्या डोळ्याबद्दल मोठ्यानं जाब विचारला. आमच्या शेजारणीनं त्याला तिथेच गाठलं आणि आपल्या मुलाचं विचारलं. तेव्हा त्याचा आवाज पुन्हा बसला.

या शेजारणीचं आपल्याला सांगावंसं वाटतं. तिचा मुलगा शिक्षक आहे, चार ओळींसाठी सात वर्षं भोगतोय. त्याचं अपील ईदनंतर होतं. सरकारी वकिलानं पुरावा म्हणून तिकडच्या टीव्हीची एक फीत आणली होती. ती कोर्टात लावली. तीत एक बाई म्हणत होती की तिला बहीण नाही आणि मुहर्रकमध्ये ती कुणाला ओळखत नाही. न्यायाधीशांनी विचारलं, यात काय आहे. सरकारी वकिलाला सांगता आलं नाही. नवं कलम लागलं नाही, नागरिकत्व राहिलं. अपील फेटाळलं. सातची सात कायम. शेजारणीचा नवरा म्हणतो की सात वर्षं कायम झाल्याचे पेढे वाटणारं घर त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. मुलगा खातोपितो.

आपल्या मुलीला शिराजला नेलं आणि ऑपरेशन झालं, असं परदेशी बातम्यांत आलं. एक हात खाटेला बांधलेला होता, असंही आलं. किती दिसतं ते आलं नाही. मी आमच्याकडे येणाऱ्या एका परदेशी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की ऑपरेशनची मागणी पूर्ण झाली असल्यानं ते प्रकरण त्यांनी मिटवलंय.

तेव्हा आपल्यालाच विचारते. विचारायचा मला काही हक्क नाही. त्या डाव्या डोळ्यानं तिला किती दिसतं? पुस्तक वाचता येतं का? कळवावंसं वाटलं तर कुणाच्या तरी हाती एक ओळ पाठवा. तिच्यावर कुणाचं नाव घालू नका. बिननावाची आली तरी ती माझीच आहे असं मी समजेन.

लोभ मागण्याइतकी ओळख नाही, म्हणून मागत नाही.

एक प्रेक्षक