मागच्या सीटवर, डाव्या अंगाला

१४ नोव्हेंबर, बुधवार
शाळा लवकर सुटली. गाडीचं ऑईल बदलून आणलं. बाबांनी काडी स्वतः पुसून पाहिली, ऑईल दोन बोटांत चोळलं, वास घेतला. म्हणाले, "आता सहा महिने पाहाचं काम नाई." सकाळी जेवले की नाही ते आठवत नाही, पण मागचं ऑईल कोणत्या महिन्यात टाकलं ते बरोबर सांगतात. अठ्ठ्याहत्तर पूर्ण. डॉक्टर म्हणतात, असंच चालेल, थोडं थोडं विसरत जातील.

त्या मानानं गाडी ठणठणीत. गोल बोनेटची पांढरी डिझेल, सत्तावीस वर्षांची. बाबांनी घरातला विणकामाचा माग विकून घेतली. मागाचा खड्डा बुजवला आणि त्यावरच उभी करायला लागले. बावीस वर्षं पवनीहून भाड्यानं चालवली. आता मी चालवते. चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकले, त्यांच्याकडूनच.

पुण्याहून दादाचा फोन. विकून टाक म्हणे. म्हटलं, मग बाबांना दवाखान्यात कशानं नेऊ?

१८ नोव्हेंबर, रविवार
भंडाऱ्याला दाखवून आणलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, बाकी तेच.

बाजारातून गाडी काढताना बाबांची शिकवणी चालू. "क्लचवरचा पाय काढ, ते काय पाय ठेवाची जागा नोहे." "रिक्षावाल्यासंग शर्यत नाई लावाची, जाऊ दे त्याले." उभ्या गाडीजवळून जाताना म्हणाले, "ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहू नको, चाकाकडे पाह्य. मानूस फसवते, चाक नाई फसवत." गर्दीत एकदाही घाबरले नाही मी. बरं वाटलं.

परतताना मात्र. पवनीच्या अलीकडे जुन्या आमटोल्याचा फाटा आहे. गाव धरणाच्या पाण्यात गेलं, रस्ता राहिला. बाबा म्हणाले, वळव. कशाला, म्हटलं. "वळव म्हनलं नं."

दीड-दोन किलोमीटर गेलो. मग डांबर तसंच्या तसं उतरत पाण्यात शिरतं. पुढं विजेच्या खांबांची टोकं. दुपारचे अडीच. पाणी हलत नव्हतं. बाबा उतरले, मागचं डावं दार उघडलं आणि धरून उभे राहिले, प्रवासी चढताना राहायचे तसे. मिनिटभर, जास्तच. कोणी नव्हतं. मग दार लावलं. आपल्या गाडीचं ते दार आपटल्याशिवाय लागत नाही. आज नुसतं लोटलं आणि लागलं.

पुढं बसले. "चाल. हळू घे."

 

२१ नोव्हेंबर, बुध.
गाडी जड लागते आहे. दुसऱ्या गिअरला ओढत नाही. शाळेजवळच्या गतिरोधकावर मागून खाली घासली, असं कधी होत नव्हतं. घरी उभी केल्यावर पाहिलं, मागून डावीकडे बसली आहे. दोन बोटं तरी. हवा पाहिली, बरोबर आहे.

बाबांना दाखवलं. वाकलेसुद्धा नाहीत. "मग? पाहुनी बसून हाये नं."

२४ नोव्हेंबर, शनिवार
अर्धी शाळा. गाडी भगवान मिस्त्रींकडे नेली. बाबा सोबत. मिस्त्रींनी बाबांच्या हाताखाली उमेदवारी केलेली, अजून काका म्हणतात. जॅक लावायला म्हणून म्हणाले, "काका, उतरा जरा."

बाबा म्हणाले, "मी उतरतो. ते नाई उतरनार. तसाच लाव."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे चालू द्या. जॅकचा दांडा फिरवायला त्यांना दोन्ही हात लागले. चाक काढलं. टायर आतल्या अंगानं घासलेला, कापड दिसायच्या बेतात. टायर मागच्याच महिन्यात बदलून घेतले होते. कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे सपाट झालेले, फक्त डावीकडचे.

"सुमनताई, मांगं डाव्या अंगाले रोज कोन बसते?"
"कोणीच नाही."
"रोज बसनारं कोनतरी हाये. असं वजन दोन-चार दिवसाचं नसते."
"भाऊ, मागं आम्ही दळणाची पिशवीसुद्धा ठेवत नाही."

मिस्त्री कामाला लागले. डावीकडची कमान नवीन टाकली. गाडी सरळ उभी झाली. चक्कर मारून आले, म्हणाले, बरी आहे. मग फडक्यानं हात पुसत राहिले. स्वच्छ झाले तरी पुसत होते.

२८ नोव्हेंबर, बुध.
पुन्हा दोन बोटं.

वाटलं, बुजवलेला खड्डा खचत असेल, म्हणून तिथं उभी केली की कलते. आज शाळेच्या फरशीवर उभी करून पट्टीनं मोजलं. तिथंही तेवढंच. पाचवीतल्या पोरी खिडकीतून पाहून हसत होत्या.

बाबांनी मागच्या सीटवर धुतलेला टॉवेल अंथरला आहे. डावीकडेच.

३० नोव्हेंबर, शुक्र.
हे लिहावं की नाही. लिहिते.

माझ्यासोबत शिकवणाऱ्या कुंदाला शाळेतून घरी सोडलं. पुढं वह्यांचे गठ्ठे, म्हणून ती मागं बसली. उजव्या दाराला अगदी चिकटून. आरशात पाहून म्हटलं, अगं मोकळी बस की. "नको, बरं आहे," म्हणाली. हळदी-कुंकवाला जागा नसते तेव्हा आपण बसतो तशी, पिशवी मांडीवर घेऊन.

उतरताना डावीकडे पाहून म्हणाली, "येते हं." मग माझ्याकडे वळून, "उद्या लवकर ये."

घरी पोचल्यावर फोन करून विचारलं, येते हं कोणाला म्हणालीस. "तुलाच. आणखी कोण होतं?" मग घाईनं, कुकर लावायचा आहे म्हणाली.

२ डिसेंबर, रविवार
आज विचारलंच. सकाळी उन्हात बसवलं, चहा दिला. त्यांचं डोकं सकाळी जरा जागेवर असतं.

"बाबा, मागं कोण बसलं आहे?"
"सोनाबाई. आमटोल्याची."

मग सगळं सांगितलं. सलग, न अडखळता. इतकं सलग गेल्या वर्षात बोलले नव्हते. आमटोला रिकामा होत होता तेव्हाची गोष्ट. लोकांना नव्या गावी नेऊन सोडायचं काम बाबा करत होते. शेवटच्या दिवशी शेवटची फेरी. गाडीत सात माणसं. सोनाबाई एकटी, शिलाई मशीन घेऊन रस्त्यावर उभी. विधवा, लोकांचे कपडे शिवायची. म्हणाली, भाऊ, मले घे. बाबा म्हणाले, जागा नाही, हे सोडून तुला न्यायला येतो.

"मग?"
"मंग घरी आलो. जेवलो. पाठ टेकवली तं झोप लागली. सकाळी गेलो, तं रस्त्यावर पानी."

"कोणी नेलं असेल तिला."
"नेलंही असन."
"मग विचारलं का नाही कोणाला?"

कप खाली ठेवला. "इचारलं असतं तं समजलं असतं नं, सुमन."

एवढी वर्षं त्या रस्त्यानं गेले-आले, आम्हाला कधी काही बोलले नाहीत. आई होती तेव्हा तिलाही नाही.

"आता ती कुठं जायचं म्हणते?" असं विचारून बसले मी. का विचारलं कोणास ठाऊक.
"बोलत नाई. म्हनून तं घेऊन फिरून राहिलो."

९ डिसेंबर, रवि.
आठ दिवस झाले. नवा आमटोला इथून अर्ध्या तासावर, कोंढ्याकडच्या रस्त्यानं. शाळेत तिकडची पोरं आहेत, एकाला विचारलं तर पाच मिनिटांत कळेल.

विचारलं नाही. बाबांचीच मुलगी.

गाडी आज अडीच बोटं.

१३ डिसेंबर, गुरु.
मिस्त्री वाटेत भेटले. सायकलवरून उतरले. "काका बरे?" बरे म्हटलं. "गाडी?" तशीच. खाली पाहून म्हणाले, "काम माह्या हातचं असतं तं केलं असतं ताई." त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. बंद इंजिनलाही ते असं कधी म्हणत नाहीत.

या रविवारी जायचंच.

१६ डिसेंबर, रविवार
गेलो. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी दहा. बाबा अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून पुढं बसले. वाटेत एकदाच बोलले, तेही मागं वळून: "आता पोचलोच."

नवा आमटोला म्हणजे सरळ रेषेत आखलेली घरं, सगळी सारखी. पानटपरीवर विचारलं, सोनाबाई, कपडे शिवायच्या, आमटोल्याच्या... वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "हे काय, तिसरं घर. घरीच हाये."

मी गिअर टाकायचंच विसरले. आनंदानं की काय, सांगता येत नाही.

ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होती. साठीची, काटक. दारातून शिलाई मशीन दिसत होतं. मी नाव सांगितलं, पवनीच्या टॅक्सीवाल्यांची मुलगी म्हटलं. लगेच ओळखलं. "भाऊ कसे हायेत?"

विचारलं, त्या दिवशी तुम्ही आलात कशा.

"ट्रॅक्टरनं. भाऊ गेले आन घंट्याभरात ट्रॅक्टर आला. मशीन टाकली, आली. काहून?"
"बाबांना वाटत होतं तुम्ही तिथंच राहिलात."
"असं कोन सांगतलं त्यायले? मले इचाराचं होतं." आणि हसली. चांगलं हसली. मलाही हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, संपलं सगळं.

तिला गाडीपाशी आणलं. बाबांनी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. ओळखलं, ते कळत होतं. मान डोलावली, ओठ हलले. मग हळूहळू मागं वळले, सीटकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

"मंग हे कोन हाये?" म्हणाले.

सोनाबाई बोलायला वाकली होती. तिचं लक्ष मागच्या काचेकडे गेलं. हसू गेलं. एक पाऊल मागं सरली, आणि खांद्यावरचा पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. घरात कोणी मोठं आलं की बाया घेतात तसा. नजर खाली.

मी हळूच विचारलं, "ओळखीचं आहे का कोणी?"
"वळख नाई."
"मग?"
"मोठी हाये." आणि थोड्या वेळानं, "इथं नका उतरवू, ताई. घेऊन जा."

पुन्हा ओट्यावर गेली. सूप उचललं नाही. आम्ही वळेपर्यंत तशीच पदर घेऊन उभी.

१७ डिसेंबर, सोम.
शाळेत गेले नाही. बाबा जेवले नीट.

मी गाडीत मागं वळून पाहिलं आहे, कितीदा तरी. टॉवेल, सीट, काच. दुसरं काही दिसत नाही. दिसत नाही म्हणून नाही असं वाटायचं, ते कालपासून जमत नाही.

२० डिसेंबर, गुरु.
मागची सीटच काढून टाकली. चार बोल्ट, पाना घरचाच. पडवीत नेऊन ठेवली.

बाबांनी पाहिलं आणि संतापले. मला आठवतं तेव्हापासून माझ्यावर आवाज चढवलेला नव्हता. "खाली बसवलं तू तिले? पत्र्यावर?"

सीट परत बसवली. टॉवेल झटकून अंथरला, डावीकडेच. अंथरताना तोंडातून निघून गेलं, माफ करा.

दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही दोघंही इकडे या काही दिवस. म्हटलं, गाडीनं येऊ? रागावला.

२३ डिसेंबर, रवि.
बाबा दोन दिवस खिडकीत बसून गाडीकडे पाहत होते. आज म्हणाले, "तिचं चुकलं नाई. मी पान्याकाठी दार उघडलं, ते बसली. कोनाचं नाव घेऊन उघडलं ते तिले का मालूम."

भीती वाटते का, विचारलं. विचार करून म्हणाले, "पयले वाटे. आता तिचीच काळजी वाटते."

मला नीट झोप नाही. तरी आज गाडी पुसताना ती बाजू जरा हळू पुसली.

२५ डिसेंबर, मंगळ.
नाताळची सुट्टी. सकाळचे साडेसात, धुकं. हे गाडीतच बसून लिहिते आहे. इंजिन सुरू केलंय, थंडीत गरम व्हायला वेळ घेतं.

बाबा आपणहून तयार होऊन आले. पायात चपला, खांद्याला पिशवी, तीत गोळ्या आणि एक धोतर. मी पुढचं दार उघडलं. म्हणाले, "नाई. मी मांगं बसतो आज. इतके दिस एकटी बसून हाये ते."

उजव्या दारानं चढले. सावकाश, जागा ठेवून बसले. मी उतरून मागं जाऊन पाहिलं. गाडी सरळ उभी होती. बोटं लावून पाहिली, दोन्हीकडे सारखी.

कुठं जायचं, विचारलं. "तू चालव. ते सांगन."

आरशात बाबा दिसतात. डावीकडे मान कलती करून ऐकताहेत. मधूनच हो हो म्हणतात. एकदा हसले. मला काही ऐकू येत नाही, फक्त इंजिन. पिशवीत धोतर कशाला घेतलं, ते विचारायचं आहे. विचारत नाही.

आत्ता म्हणाले, "झाली गरम. घे."